लाल पट्टीची बाटली

मेसेज आला तेव्हा माझे हात हूडच्या आत होते. हूड म्हणजे समोर काच असलेलं, सतत गाळलेली हवा वाहत ठेवणारं एक टेबल; पेशींवरचं सगळं काम त्याच्या आत हात घालून करायचं असतं, आणि एकदा हात आत गेले की खिशातल्या फोनला शिवायचं नाही. फोन दोनदा थरथरला. माझ्यासमोर चार प्लेट उरल्या होत्या. त्या पुऱ्या केल्या, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग पाहिलं. वृंदाताईंच्या नवऱ्याचा, शिरीषदादांचा मेसेज होता. ‘वृंदा गेली. सकाळी साडेनऊला. तू हातातलं संपवून ये.’ हातातलं संपवून... हे शब्द दादांचे नव्हेत, ते ताईंचे. लॅबमध्ये कुणी कितीही घाईने हाक मारली तरी वृंदाताई मान न वळवता तेच म्हणायच्या, हातातलं संपवून येते. दादा इतकी वर्षं ते ऐकत आले असतील. मी कोट खुंटीला लावला आणि गार्चिंगच्या स्टेशनाकडे चालत निघाले. यू-बान, म्हणजे म्युनिकची मेट्रो, समोर उभी होती, दारं उघडी होती, तरी मला आत पाय टाकायला सुचेना. ती गेली, पुढची आली, मग मी बसले.

याला आता पाच आठवडे झाले. ताईंबद्दल लिहाल का, असं इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील जत तालुक्यातल्या आमच्या गावी शिवणकाम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. जे लिहायचं ते परीक्षेपुरतं, एवढंच मला माहीत. शिवाय ताईंबद्दल लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागेल, आणि ती न लिहिता बाकीचं चांगलं चांगलं लिहिणं मला जमलं असतं, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

ताई डोंबिवलीच्या. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न झालं, दादांना गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर म्हणून म्युनिकजवळ नोकरी लागली आणि त्याही आल्या. गार्चिंगच्या आमच्या लॅबमध्ये बारा वर्षं त्या टेक्निकल असिस्टंट होत्या. लोक आले, पीएच.डी. करून गेले; प्रत्येकाच्या प्रयोगात ताईंचे हात होते आणि प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आभारांत त्यांचं नाव असायचं. चाळिसाव्या वर्षी त्यांनी प्राध्यापकांना सांगितलं की आता मला माझा स्वतःचा प्रबंध करायचा आहे. हे मला त्यांनीच हसत सांगितलं होतं. “आल्झो, तर म्हटलं, एकदा तरी पहिल्या पानावर यावं.”

मी २०१५ साली मास्टर्ससाठी आले. पहिल्या सेमिस्टरला मला वर्गातलं अर्धं कळायचं नाही, आणि जे कळायचं ते इंग्रजीत बोलता यायचं नाही. दुसऱ्या सेमिस्टरला लॅबमध्ये विद्यार्थी-सहायक म्हणून लागले तेव्हा प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर मला एक साधा प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. माझ्या शेजारी एक मराठी बाई बसल्या आहेत हे मला माहीत होतं आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या समोर फळ्याकडे पाहत बसल्या. नंतर कॉफीच्या खोलीत त्यांनी डबा उघडला. अर्धी ब्रेझेल, म्हणजे इथला वेटोळ्याचा खारा पाव, आणि तिच्यावर लसणाची चटणी फासलेली. त्यातला तुकडा माझ्यापुढे करून म्हणाल्या, “मी बोलले असते तर ते माझं उत्तर झालं असतं. उद्या त्यांच्या खोलीत जा आणि सांग, कालचा प्रश्न परत विचारा.” मी गेले. त्यांनी परत विचारला.

त्यानंतर मी ताईंच्या हाताखाली होते. राहत्या पत्त्याची नोंदणी, आजारपणाचा विमा, खोलीचा करार, सगळीकडे त्या बरोबर आल्या. पण कचेरीच्या खिडकीपाशी मलाच पुढे ढकलायच्या आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. शनिवारी मी त्यांच्या घरी जायची. त्यांच्या मुलीशी, ईराशी मी फक्त मराठीत बोलायचं, अशी अट होती. ईरा तेव्हा आठ वर्षांची. तिला सगळं कळायचं आणि ती सगळ्याचं उत्तर जर्मनमध्ये द्यायची. सहा महिन्यांनी एकदा ताईंनी विचारलं, जेवलीस का, तर ती “व्हय” म्हणाली. ताई हसून हसून खुर्चीत बसल्या. “डोंबिवलीत माझ्या आईला काय सांगू गं आता,” असं मला म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून स्वतःही अधूनमधून व्हय म्हणू लागल्या.

ताईंचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही विषाणू अपूर्ण असतात. आमचा तसाच एक होता. तो पेशीत शिरतो, थेट तिच्या गाभ्यापर्यंत जातो, पण तिथे गेल्यावर स्वतःच्या प्रती काढायला जे लागतं ते त्याच्याकडे नसतं. मग तो गप्प पडून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. त्याच पेशीत दुसरा एखादा विषाणू आला, आमच्याकडे तो साध्या सर्दीचा होता, तरच याचं काम सुरू होतं. त्या दुसऱ्याला इंग्रजीत हेल्पर म्हणतात. ताईंनी फळ्यावर दोन गोल काढून मला हे समजावलं, आणि शेवटी म्हणाल्या, “यात एक लक्षात ठेव. याला मदत करताना त्या मोठ्याची स्वतःची वाढ घटते. याचं भागतं आणि त्याचं कमी होतं.” त्या मोठ्या विषाणूचा नेमका कोणता भाग मिळाला की याचं भागतं, हा ताईंच्या प्रबंधाचा प्रश्न होता.

प्रयोग करताना काही प्लेटमध्ये मदतनीस घालायचा आणि काहींमध्ये मुळीच घालायचा नाही. न घातलेल्या प्लेटमध्ये काहीही वाढता कामा नये. त्या कोऱ्या राहिल्या तरच बाकीच्या प्लेटवर विश्वास ठेवता येतो. म्हणून ताईंच्या हूडमध्ये दोन बाटल्या असायच्या, दोन्हींत पेशींना घालायचं तेच गुलाबी द्रव. मदतनीस नसलेल्या प्लेटसाठी हिरव्या पट्टीची, असलेल्यांसाठी लाल पट्टीची. आधी हिरवी संपवायची, मग लाल उघडायची. लालला हात लावला की त्या दिवशी हिरव्या प्लेटकडे परत यायचं नाही. ताई हूडला देवघर म्हणायच्या. “सोवळ्यात बसलीयस असं समज,” म्हणायच्या, “माझ्या सासूबाईंना मी एवढं पाळलेलं पाहिलं असतं तर डोळे भरून आले असते त्यांचे.” आणि दिवसाच्या शेवटी वहीचं पान लिहून झालं की खाली दोन सह्या व्हायच्या. एक ज्याने काम केलं त्याची, दुसरी जो हजर होता त्याची. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, असा त्या दुसऱ्या सहीचा अर्थ.

मार्चमधल्या एका दुपारी ताईंनी आपल्या विषाणूच्या साठ्यातल्या शेवटच्या ट्यूब काढल्या. दोन वर्षांचे सगळे प्रयोग त्या एकाच साठ्यावर झाले होते आणि हा शेवटचा प्रयोग होता. आता फक्त लिहिणं उरलं होतं. विषाणू घालण्याचं काम त्यांनी केलं आणि त्या मीटिंगला गेल्या. प्लेटना ताजं द्रव घालायचं काम माझ्यावर सोपवलं. मी हिरव्या प्लेटना घालत होते, तीन उरल्या होत्या, तेव्हा काचेबाहेर ठेवलेल्या फोनवर आईचं नाव दिसलं. मी बाहेर आले. आईच्या अंगणवाडीत पर्यवेक्षिका आल्या होत्या आणि मुलगी जर्मनीत काय शिकते असं त्यांनी विचारलं होतं. आईला काही सांगता आलं नव्हतं. “दोन वाक्यांत सांग,” ती म्हणाली, “मी पाठ करून ठेवते.” मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून तिला त्या दोन विषाणूंचं सांगितलं. आईने ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजे मदतनिसाबिगर कायबी चालत न्हाई म्हण की. सांगते बाईंना.”

मला इतका आनंद झाला होता... मी आत आले, मोजे बदलले, आणि आपण हिरव्या प्लेट अर्ध्यात सोडून गेलो होतो हे विसरून लाल बाटली उघडली. मदतनीस असलेल्या सगळ्या प्लेटना घालत गेले. एकदोनदा पिपेटचं टोक प्लेटमधल्या द्रवाला टेकलं आणि तेच परत बाटलीत गेलं. लालच्या प्लेटना एरवी त्याने काही बिघडत नाही. मग कोपऱ्यातल्या तीन हिरव्या प्लेट दिसल्या. हातात होती त्याच बाटलीतलं द्रव त्यांनाही घातलं. बाटली खाली ठेवताना पट्टी दिसली, लाल. मला वाटलं, आत द्रव तर तेच आहे. असं मला खरंच वाटलं, की तसं वाटून घेतलं, हे आता मला सांगता येत नाही. ताई परत आल्या तेव्हा मी त्यांना आईचं वाक्य सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. वहीत त्यांनी हेल्पर लिहायच्या जागी त्या दिवशी मराठीत ‘मदतनीस’ लिहिलं, स्वतःची सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.

तीन दिवसांनी त्या तीन प्लेटमध्ये विषाणू वाढलेला सापडला.

याचे दोनच अर्थ होते. एक, त्या दिवशी हूडमध्ये काही चूक झाली. दुसरा, ताईंच्या साठ्यातच मदतनिसाचा अंश शिल्लक होता. साठा बनवताना तो छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवतात; त्यात मदतनीस मरतो आणि आपला विषाणू टिकतो. ते नीट झालं नसेल तर दोन वर्षांचं सगळं काम संशयास्पद. साठा संपलेला, त्यामुळे तपासून बघायलाही काही उरलं नव्हतं. उरले होते मी. ताईंनी मला कॉफीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि शांतपणे विचारलं, “त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का गं मनीषा? बाटल्यांचं वगैरे?”

“नाही ताई.”

मला विचार करायला एक क्षणसुद्धा लागला नाही. मला काढून टाकतील, व्हिसा जाईल, आई पर्यवेक्षिकाबाईंना काय सांगेल, हे सगळं नंतर आलं. आधी आलं ते नाही. ताई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या असं मला आठवतं, पण कदाचित तसं नसेलही. त्या म्हणाल्या, “गेनाऊ, बरोबर. मग साठाच.” आणि उठल्या.

नव्याने साठा करायचा, आणि मग दोन वर्षांतले मुख्य प्रयोग परत करायचे. त्या सकाळी सातला येऊ लागल्या. मी प्रत्येक प्रयोगात त्यांच्या शेजारी होते, इतकी काळजी घ्यायचे की ताई चेष्टा करायच्या, तू तर सासूबाईंच्याही पुढे गेलीस. मे महिन्यात त्यांची पाठ दुखायला लागली. हूडपाशी वाकून बसण्याने असेल, असं त्या म्हणाल्या. त्यांना जेवण जात नव्हतं, चटणीचा डबा तसाच परत जायचा. त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्या दिवशी नेमक्या पेशी तयार झाल्या होत्या. ताईंचे हात आत होते, मोजे घातलेले, म्हणून त्यांनी मला फोन करायला सांगितलं. “तुझं जर्मनही सुधारेल.” मी दवाखान्यात फोन केला, अख्खं वाक्य न अडखळता बोलले, फ्राऊ अमुक आज येऊ शकत नाहीत, कृपया पुढची वेळ द्या. ताईंनी आतूनच मान डोलावून शाबासकी दिली. पुढची वेळ जूनच्या अखेरची मिळाली. तीही मीच रद्द केली. तेव्हा माझं जर्मन आणखी चांगलं झालं होतं.

ऑगस्टमध्ये निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. मी त्या आजाराबद्दल सापडेल ते सगळं वाचलं, जसं परीक्षेला वाचतात तसं, आणि तीन महिने आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता याचं उत्तर शोधत राहिले. ते कुठेच मिळत नाही. कधी वाटतं काहीच नसता पडला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये, जाण्याच्या चार दिवस आधी. ईरा खिडकीत बसून चित्र काढत होती. ताईंचा आवाज खूप बारीक झाला होता. त्यांनी नव्या साठ्याचं विचारलं. “छप्पन्न अंश, अर्धा तास. घड्याळ लावलंस ना?” मी हो म्हटलं. राहिलेले प्रयोग पुरे होत आले आहेत आणि सगळे आकडे जुन्यांसारखेच येत आहेत, हेही सांगितलं. म्हणजे जुना साठा शुद्ध होता. हे वाक्य मी बोलले नाही, पण ताईंना ते कळायला माझी गरज नव्हती. त्या छताकडे पाहत होत्या. मी म्हटलं, “ताई, मला एक सांगायचंय.” त्यांनी मान वळवली आणि वाट पाहिली. कुणी आत आलं नाही, फोन वाजला नाही, ईरासुद्धा काही बोलली नाही. मला हवा तेवढा वेळ होता.

“ट्यूबवर तारखा घातल्यात सगळ्या,” मी म्हणाले.

“व्हय,” ताई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

आता त्या प्रयोगांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध होईल. त्यावर पहिलं नाव ताईंचं असेल, आणि हयात नसलेल्या लेखकाच्या नावापुढे छोटा क्रूस छापतात तसा तो छापला जाईल. दुसरं नाव माझं आहे. मी प्राध्यापकांना सगळं सांगितलं आणि माझं नाव काढा म्हटलं. त्यांनी प्रयोगांच्या तारखा एकदा पाहून घेतल्या. मग म्हणाले, शेवटचे प्रयोग तू केलेस, ते खरे आहेत, नाव राहील. जे झालं ते लेखी दे. मी लेखी दिलं.

शिरीषदादांकडे त्याआधी गेले होते. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं. दवाखान्याच्या दोन फोनांचंही सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टर म्हणाले होते, आधी आल्या असत्या तर कदाचित... आधी म्हणजे किती आधी, ते मी विचारलं नव्हतं.” मग उठून त्यांनी दोन्ही कप नळाखाली धरले. कप स्वच्छ झाल्यावरही पाणी वाहत होतं. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, “या शनिवारी येऊ नकोस. पुढचं पुढे बघू.” दाराशी ईरा उभी होती. तिने मला जर्मनमध्ये विचारलं, शनिवारी का नाही. मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. ताईंबद्दलच्या या लेखाविषयी मी दादांना कळवलं तेव्हा त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘लिहायचं तर सगळं लिही.’ शनिवार तसेच जात आहेत.

मी दादांकडे ज्या दिवशी गेले, नेमकी त्याच दिवशी का गेले, ते सांगायचं राहिलं. लॅबच्या वह्या घरी नेता येत नाहीत. माणूस गेलं तरी त्या संस्थेच्याच असतात. ताईंच्या सात वह्या हूडसमोरच्या फळीवर आहेत, पाठीवर त्यांच्या अक्षरात आकडे. शोधनिबंध पुरा करायला जुने तपशील लागत होते, म्हणून प्राध्यापकांनी त्या माझ्याकडे दिल्या. ताईंच्या मराठी नोंदी लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. त्या दिवशी सहाव्या वहीत मार्चचं ते पान आलं. वर ‘मदतनीस’, खाली दोन सह्या, त्यांची आणि माझी. माझी सही नवीन वळणाची, इथे आल्यावर बसवलेली. आमच्याकडे वहीत फक्त पेनने लिहायचं असा नियम आहे, म्हणजे नंतर काही खोडता येऊ नये. ताईंनी तो इतक्या वर्षांत मोडला नसेल. त्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलीने, मराठीत, लहान अक्षरात तीन ओळी आहेत. खोडल्या तर जातील अशा. मी खोडल्या नाहीत. हूडपाशी बसले की सहावी वही माझ्या डोळ्यांसमोर असते, आणि हात आत घालण्याआधी मी रोज एकदा ते पान उघडून वाचते.

‘लाल बाटली? मनीषाला विचारणे.
विचारलं. नाही म्हणाली.
म्हणजे नाही.’